पर्यावरणीय निर्णयप्रक्रियेतील प्रतिमाने आणि हितसंबंधी घटकांचा सहभाग : गोदावरीच्या चांदोरी–सायखेडा–नांदूरमध्यमेश्वर पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

नाशिकच्या रामकुंड परिसरात गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात ‘पाणी मारुतीच्या कमरेला लागले’, ‘छातीपर्यंत आले’ असे निरोप शहरभर फिरतात आणि त्यावरून व्यापारी दुकानातील माल हलवावयाचा की नाही हे ठरवितात. नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेला पाणी लागणे ही तर महापुराची खूण मानली जाते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या चांदोरी, सायखेडा या गावांनाही वरच्या पाण्याची ही खबर उपयोगी पडते. दुसरीकडे जलसंपदा विभाग गंगापूर व दारणा धरणांतून सोडलेला आणि होळकर पुलाखालून वाहणारा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर करतो. वरवर पाहता एक लोकांचा अंदाज व दुसरे शास्त्र असे वाटते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी एकच बौद्धिक क्रिया घडते. समोर दिसणाऱ्या एका खुणेवरून न दिसणाऱ्या परिणामाचे अनुमान केले जाते. अशा अनुमानाच्या सुसंगत मांडणीस ‘प्रतिमान’ म्हणजेच मॉडेल असे म्हणतात.

पूर, धरणातील पाण्याचे वाटप, भूजल, पाणथळ जागांचे संरक्षण इत्यादी प्रश्नांवरील शासकीय निर्णय आज मोठ्या प्रमाणात प्रतिमानांच्या आधारे घेतले जातात. मात्र ज्यांच्या शेतावर, घरावर व उपजीविकेवर या निर्णयांचा परिणाम होतो, ते घटक प्रतिमान तयार होताना बहुधा अनुपस्थित असतात. प्रस्तुत लेखात हितसंबंधी घटकांना प्रतिमाननिर्मितीत सहभागी करून घेण्याची संकल्पना, तिची गरज, पद्धती व मर्यादा यांचे विवेचन गोदावरी खोऱ्यातील उदाहरणांच्या आधारे केले आहे.

प्रतिमान म्हणजे काय ?

प्रतिमान म्हणजे वास्तवाची हेतुपूर्वक केलेली संक्षिप्त मांडणी होय. गावाचा नकाशा म्हणजे गाव नव्हे, परंतु रस्ता शोधण्यास तो पुरेसा असतो. जलाशयाचे सर्वांत साधे प्रतिमान एका ओळीत सांगता येते : आवक वजा जावक म्हणजे साठ्यातील बदल. आवकेत पाऊस व नदीचा प्रवाह येतो. जावकेत कालवा, पिण्याचे पाणी, बाष्पीभवन, गळती व सांडव्यावरून जाणारे पाणी येते. या एका ओळीवर पुढे शेकडो समीकरणे रचता येतात, परंतु गाभा तोच राहतो.

येथे एककांचा परिचयही आवश्यक आहे. वृत्तपत्रांतून पुराचे आकडे क्युसेकमध्ये, तर साठ्याचे आकडे टीएमसीमध्ये येतात आणि सर्वसामान्य वाचकास त्यांतील नाते उमगत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट प्रवाह आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट साठा. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तास अखंड चालला तर एक टीएमसी पाणी वाहून जाते. एवढे गणित हाती असले तरी ‘धरणातून इतके पाणी सोडले’ या बातमीचा अर्थ कोणासही स्वतः लावता येतो. सहभागाची पहिली पायरी हीच की, तज्ज्ञांची भाषा सर्वांच्या हिशेबात बसली पाहिजे.

सहभागाची आवश्यकता :

प्रतिमान हे गणित असल्यामुळे ते तटस्थ असते, असा एक समज रूढ आहे. गणिताच्या पायऱ्या तटस्थ असतात हे खरे. परंतु गणित मांडण्यापूर्वी तीन निर्णय घ्यावे लागतात आणि ते तटस्थ नसतात.

पहिला निर्णय प्रश्नाचा असतो. ‘बंधाऱ्याची साठवणक्षमता कशी वाढेल ?’ आणि ‘सायखेड्यातील पूर कसा कमी होईल ?’ हे एकाच बंधाऱ्याविषयीचे दोन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे परस्परविरोधी येऊ शकतात. दुसरा निर्णय सीमेचा असतो. पुराच्या अभ्यासाची सीमा धरणापाशी संपविली तर धरणाखालील मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस हिशेबाबाहेर राहतो. सीमा गावाच्या वेशीपर्यंत नेली तरी पुलाला अडकणाऱ्या पाणवेली सुटू शकतात. तिसरा निर्णय अनिश्चिततेचा असतो. अंदाज चुकला तर ती चूक कोणाच्या अंगावर पडावी ? धरण भरलेले राहावे म्हणून उशिरा पाणी सोडल्यास नदीकाठ धोका पत्करतो. आधीच पाणी सोडल्यास उन्हाळ्यात कालव्याखालील शेतकरी धोका पत्करतो. यांपैकी काय स्वीकारावे हे कोणतेही समीकरण सांगू शकत नाही.

हे तिन्ही निर्णय मूल्यांशी निगडित असल्याने ते केवळ तज्ज्ञांवर सोपविणे न्याय्य नाही. शिवाय लोकांजवळ असे ज्ञान असते जे कोणत्याही मापनकेंद्रावर नोंदविलेले नसते. पाणी प्रथम कोणत्या नाल्यातून गावात शिरते, कोणत्या घराच्या कितव्या पायरीला ते लागले होते, ओसरताना कोठे तुंबून राहते, ही माहिती नदीकाठच्या कुटुंबांच्या स्मरणात असते.

प्रचलित व्यवस्थेत लोकांचे म्हणणे ऐकले जात नाही असे नाही. परंतु ते शेवटी ऐकले जाते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची केंद्र शासनाची २००६ ची अधिसूचना जनसुनावणीची तरतूद करते, परंतु ती अहवालाचा मसुदा तयार झाल्यानंतर. तोपर्यंत प्रश्न, सीमा व गृहीतके ठरून गेलेली असतात. नागरिकाच्या हाती केवळ हरकत घेणे उरते. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या आधारे पाहता, माहिती देणे व मत विचारणे या मधल्या पायऱ्या आहेत. निर्णयात वाटा मिळणे ही वरची पायरी होय.

संकल्पनेचा विकास :

गुंतागुंतीच्या व्यवस्थांची संगणकीय प्रतिमाने करण्याची पद्धती जे. फॉरेस्टर यांनी अमेरिकेत १९६० च्या सुमारास विकसित केली. १९७२ मध्ये ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालाने जगाच्या साधनसंपत्तीचे प्रतिमान मांडले आणि या पद्धतीला जगभर प्रसिद्धी मिळाली. तथापि ही प्रतिमाने तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी केलेली होती. १९७८ मध्ये सी. एस. हॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रज्ञ, व्यवस्थापक व धोरणकर्ते यांना कार्यशाळेत एकत्र बसवून प्रतिमान रचण्याची पद्धत पुढे आणली. नव्वदीच्या दशकात फ्रान्समधील संशोधकांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. सेनेगल नदीच्या खोऱ्यातील सिंचनाच्या अभ्यासात ऑलिव्हिए बारेतो व सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना भूमिका वाटून देऊन खेळ खेळविले. संगणकातील प्रतिमान म्हणजे बंद पेटी न राहता, त्यातील नियम शेतकऱ्यांना समजावेत व त्यांनी ते दुरुस्त करावेत, हा त्यामागील उद्देश होता.

इंडोनेशियातील बाली बेटाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तेथे भातशेतीचे पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकरी संघटना आणि जलमंदिरांची साखळी यांच्या समन्वयाने वाटले जाते. सत्तरच्या दशकात हरितक्रांतीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना जमेल तितक्या वेळा भात लावण्यास प्रोत्साहन देण्यात आले. परिणामी पाण्याची वेळापत्रके विस्कटली व किडींचा प्रादुर्भाव वाढला. मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रतिमानातून असे दाखविले की, प्रत्येक संघटनेने स्वतंत्र पेरणी केल्यास पाणी पुरत असले तरी कीड पसरते. सर्वांनी एकाच वेळी पेरणी केल्यास कीड आटोक्यात येते, पण पाणी पुरत नाही. या दोहोंतील समतोल जलमंदिरांच्या पातळीवरील समन्वयात साधला जातो. ‘धार्मिक रूढी’ म्हणून दुर्लक्षिलेल्या व्यवस्थेत एक कसदार प्रतिमान दडलेले होते, हे यातून सिद्ध झाले.

आपल्याकडील फड पद्धतीही याच जातीची आहे. नाशिक व धुळे जिल्ह्यांतील मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांवर बंधारे बांधून त्याखालील क्षेत्राचे फड पाडले जात. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सामुदायिकरीत्या ठरे आणि पाटकरी ठरलेल्या क्रमाने पाणी देई. पाणी कमी असलेल्या वर्षी काय करावयाचे याचेही नियम ठरलेले असत. हे लोकांनी स्वतः घडविलेले, वापरलेले आणि अनुभवाने दुरुस्त केलेले प्रतिमानच होते.

चांदोरी–सायखेडा पट्टा : एक नदी, अनेक प्रश्न

निफाड तालुक्यात गोदावरीच्या एका तीरावर चांदोरी व दुसऱ्या तीरावर सायखेडा वसलेले आहे. गंगापूर व दारणा या दोन्ही धरणांचे पाणी नदीच्या या भागात एकत्र येते. पुढे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दारणा धरणाबरोबर सिंचनासाठी उभारलेल्या या बंधाऱ्यातून निघणारे कालवे कोपरगाव–राहाता भागास पाणी देतात. पुढील काळात जलदगती कालव्याद्वारे वैजापूर–गंगापूर भागही त्यास जोडला गेला.

शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साचला. त्या गाळाची बेटे, उथळ पाणी व पाणवनस्पती यांमुळे तेथे समृद्ध पाणथळ परिसंस्था निर्माण झाली. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत समावेश झालेले महाराष्ट्रातील ते पहिले स्थळ ठरले. म्हणजे धरणाच्या अभियंत्याच्या दृष्टीने जी हानी, ती पक्ष्यांच्या दृष्टीने वसाहत ठरली.

याच पट्ट्यास ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये मोठ्या पुराचा तडाखा बसला. चांदोरी व सायखेडा येथील वस्ती, बाजारपेठ व शेती पाण्याखाली गेली. पुराची कारणे विचारली असता प्रत्येक घटक निराळे उत्तर देतो. नदीकाठचा शेतकरी बंधाऱ्यातील गाळ व फुगवट्याकडे बोट दाखवितो. कोणी दोन्ही धरणांतून एकाच वेळी सुटणाऱ्या पाण्याकडे, कोणी पुलाला अडकणाऱ्या पाणवेलींकडे, तर कोणी पूररेषेतील बांधकामांकडे. पाणवेली फोफावण्याचे मूळ वरच्या शहरातून नदीत येणाऱ्या सांडपाण्यात आहे, म्हणजे तो धागा नाशिक शहरापर्यंत जातो. पक्षिमित्रांना गाळ काढल्यास अधिवास नष्ट होण्याची भीती वाटते. कालव्याखालील शेतकऱ्यास साठवण वाढावी असे वाटते. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचा व नदीकाठच्या शेतमजुरांचा विचार या चर्चेत फारसा होतच नाही.

यांपैकी कोणते कारण किती जबाबदार आहे, हा प्रश्न घोषणांनी सुटणारा नाही. तो प्रतिमानाने तपासता येण्याजोगा आहे. जलशास्त्राचे एक सर्वमान्य तत्त्व असे की, बंधाऱ्याच्या फुगवट्याचा प्रभाव वरच्या अंगाला जसजसे जावे तसतसा कमी होतो. तसेच फार मोठ्या पुरात बंधाराच पाण्यात बुडाला तर त्याचा अडथळा तुलनेने गौण ठरतो. म्हणजे गाळ काढल्याने मध्यम पूर कमी होईल, परंतु महापूर फारसा कमी होणार नाही, अशीही शक्यता संभवते. उलट पुलाशी पाणवेली अडकून झालेला तुंबा थोड्याच अंतरात पातळी वाढवू शकतो. नदीपात्राचे छेद, उतार, गाळाची जाडी व पूरखुणा यांच्या आधारे याचा निवाडा होऊ शकतो. तथापि तो निवाडा बाहेरून आलेल्या अहवालाने दिला तर ज्याच्या विरोधात जाईल तो घटक तो नाकारेल. स्वतः दाखविलेल्या पूरखुणा प्रतिमानात वापरल्या गेल्या आहेत आणि प्रतिमान २०१९ चा पूर योग्य रीतीने दाखविते आहे, हे डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी मात्र नकोशा उत्तराचाही विचार करू शकतो.

आकडे मान्य नसतील तर : जायकवाडीचा अनुभव

उर्ध्व गोदावरी खोऱ्यातील पाण्याचा वाद हे या संदर्भातील महत्त्वाचे उदाहरण होय. पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. वरच्या भागात नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे भरल्यावर खाली पुरेसे पाणी येत नाही, ही मराठवाड्याची तक्रार. तर आमच्या हक्काचे पाणी पळविले जाते, ही वरच्या भागाची तक्रार. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील कलम १२(६)(ग) ने तुटीच्या काळात समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. २०१२ मध्ये मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने वेगवेगळ्या साठ्यांच्या परिस्थितीत कोणत्या धरणसमूहाने किती पाणी ठेवावे याचे कोष्टक २०१३ मध्ये सादर केले. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये त्याआधारे आदेश दिला. पावसाळ्याअखेर जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा हा निकष तेव्हापासून परिचित झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाच्या तत्त्वास मान्यता दिली.

कोष्टक हे प्रतिमानाचेच फलित होते आणि ते तयार करण्यामागे तांत्रिक परिश्रम होते यात शंका नाही. तरीही पाणी सोडण्याची वेळ आली की आंदोलने व न्यायालयीन लढे होतात. ऑक्टोबर २०२३ अखेर सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हाही हेच घडले. उपरोक्त हिशेबाने हे पाणी म्हणजे १०,००० क्युसेकचा सुमारे दहा दिवसांचा प्रवाह होय. वादाचा मुख्य मुद्दा तत्त्वापेक्षा आकड्यांचा असतो : नदीतून जाताना किती पाणी मुरते, बाष्पीभवन किती धरावे, भूजल मोजावे की नाही, ऊस व फळबागांची गरज कशी लावावी. २०२३ मध्ये शासनाने फेरआढाव्यासाठी नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली नवा अभ्यासगट नेमला. गृहीतके कालानुरूप तपासली जाणे स्वागतार्हच आहे. परंतु वरच्या व खालच्या भागातील पाणी वापरकर्ते एकत्र बसून नदीतील वहनव्यय मोजत नाहीत, तोपर्यंत नवा आकडाही जुन्याप्रमाणेच एका बाजूस ‘त्यांचा आकडा’ वाटत राहील.

वाघाडचा धडा :

याउलट अनुभव दिंडोरी तालुक्यातील कोळवण नदीवरील वाघाड प्रकल्पाचा आहे. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये, भरत कावळे आदी कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास पाणी वापर संस्था स्थापन केल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पावर २४ संस्था उभ्या राहिल्या व त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन होऊन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. पावसाळा संपल्यावर धरणातील साठा पाहावयाचा. त्यातून पिण्याचे आरक्षण, बाष्पीभवन व कालव्यातील तूट वजा करावयाची. उरलेले पाणी क्षेत्राच्या प्रमाणात संस्थांना कोटा म्हणून द्यावयाचे आणि ते घनमापन पद्धतीने मोजून घ्यावयाचे, अशी येथील रीत आहे.

शास्त्रीयदृष्ट्या हे अत्यंत साधे प्रतिमान आहे. त्याचे बळ अचूकतेपेक्षा मान्यतेत आहे. आकडे सर्वांसमोर मांडले जातात, मोजमाप सभासद स्वतः पाहतात आणि चूक झाल्यास पुढील आवर्तनात ती दुरुस्त होते. यावरून असे म्हणता येईल की, सर्वांनी स्वीकारलेले साधे प्रतिमान हे कोणीच न स्वीकारलेल्या सूक्ष्म प्रतिमानापेक्षा निर्णयास अधिक उपयुक्त ठरते.

सहभागी प्रतिमाननिर्मितीचे टप्पे :

चांदोरी–सायखेडा–नांदूरमध्यमेश्वर पट्ट्याच्या संदर्भात ही प्रक्रिया पुढीलप्रमाणे राबविता येईल.

१) घटकांची निश्चिती : नदीकाठचे शेतकरी, व्यापारी, मासेमार, शेतमजूर, महिला बचत गट, कालव्याखालील पाणी वापर संस्था, वनविभाग, पक्षिमित्र, जलसंपदा विभाग व नाशिक महानगरपालिका यांचे प्रतिनिधी निवडणे. खालच्या भागातील पाणी वापरकर्त्यांनाही स्थान देणे.

२) प्रश्नाची संयुक्त मांडणी : गणितापूर्वी कागदावर कारण–परिणामांचे चित्र काढणे. प्रत्येक घटकाने आपल्या मते कोणती गोष्ट कशावर परिणाम करते ते बाणांनी दाखवावे. मतभेद या टप्प्यावरच उघड होतात.

३) माहितीचे संकलन : शासकीय विसर्गनोंदींबरोबर गावातील पूरखुणा, पाणी चढण्या–उतरण्याच्या वेळा, पीकनुकसानीचे क्षेत्र व पक्षिगणनेच्या नोंदी एकत्र करणे.

४) प्रतिमानाची पडताळणी : २०१६ व २०१९ चे पूर प्रतिमान योग्य दाखविते का, हे लोकांसमोर तपासणे. चुकत असेल तर ते मान्य करणे.

५) पर्यायांची चाचणी : अंशतः गाळ काढणे, पावसाळ्यापूर्वी पाणवेली हटविणे, दोन्ही धरणांच्या विसर्गाच्या वेळांत अंतर ठेवणे, पूर्वसूचना लवकर देणे इत्यादी पर्यायांचे परिणाम प्रत्येक घटकासाठी स्वतंत्रपणे मांडणे.

६) निर्णय व फेरतपासणी : निर्णय घेणाऱ्या यंत्रणेने कोणता पर्याय का स्वीकारला वा नाकारला हे लेखी कळविणे आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर प्रतिमान अद्ययावत करणे.

मर्यादा :

सहभागी पद्धतीविषयी भाबडेपणा बाळगणे योग्य नाही. पहिली मर्यादा सत्तेची आहे. बैठकीत ज्याच्याकडे जमीन, पद व बोलण्याचे धैर्य आहे त्याचेच मत प्रतिमानात शिरण्याची शक्यता असते. भूमिहीन व स्त्रिया पुन्हा बाहेर राहतात. त्यासाठी स्वतंत्र लहान बैठका घ्याव्या लागतात. दुसरी मर्यादा स्मरणाची आहे. लोकज्ञानही चुकू शकते. अलीकडचा पूर मोठा व जुना लहान वाटू शकतो. म्हणून लोकांच्या नोंदी व यंत्राच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहाव्यात. तिसरी मर्यादा वेळ व खर्चाची आहे. नदीत पाणी चढत असताना कार्यशाळा घेता येत नाही. चौथी आणि सर्वांत गंभीर मर्यादा म्हणजे सहभागाचा देखावा. आधीच ठरलेल्या निर्णयास लोकांच्या सह्या मिळविण्यासाठी ही पद्धत वापरली गेली तर लोकांचा प्रतिमानावरील व शासनावरील असा दोन्ही विश्वास नष्ट होतो. तसेच प्रतिमान हितसंबंधांतील संघर्ष मिटवीत नाही. पक्ष्यांचा अधिवास व शेतकऱ्याचे पीक यांत तडजोड करावी लागल्यास ती माणसांनीच करावयाची असते. प्रतिमान केवळ तडजोडीची किंमत दाखविते.

समारोप :

प्रतिमानाची गुणवत्ता केवळ त्यातील समीकरणांवर ठरत नाही. त्याचा प्रश्न कोणी विचारला, त्याची सीमा कोणी आखली आणि चुकीची किंमत कोणाला मोजावी लागेल, यांवरही ती ठरते. म्हणूनच हितसंबंधी घटकांना अखेरच्या सुनावणीत नव्हे, तर आरंभीच्या आखणीत स्थान मिळणे आवश्यक आहे. जायकवाडीचा वाद आकड्यांवरील अविश्वासाची किंमत दाखवितो. वाघाडचा प्रयोग विश्वास कसा घडतो हे दाखवितो. दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या परिघातील आहेत.

या कार्यात ग्रामीण महाविद्यालये मोलाची भूमिका बजावू शकतात. येथील अनेक विद्यार्थी याच पूरपट्ट्यातून येतात. भूगोल, पर्यावरणशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापक सांभाळणे, गावातील पूरखुणा रंगवून त्यांची उंची नोंदविणे आणि ज्येष्ठांच्या आठवणी तारखेसह लिहून ठेवणे एवढे जरी केले तरी सहभागी प्रतिमानाचा पाया रचला जाईल. दुतोंड्या मारुतीने नाशिककरांना पुराचे एक समाईक माप दिले आहे. सायखेड्याच्या नदीकाठावरही असे सर्वांना दिसणारे व सर्वांनी मानलेले माप उभे राहणे, ही पुढील पावसाळ्यापूर्वीची गरज आहे.